ओल लागून बंद पडलेले बाहेरचे स्ट्रोब दिवे : उघडण्यापासून पुन्हा टांगण्यापर्यंत

सणासाठी बाहेर केलेल्या रोषणाईत सगळ्यात आधी मान टाकतो तो स्ट्रोब. शेजारची साधी माळ त्याच पावसात भिजूनही चालू राहते आणि लखलखणारे दिवे मात्र एकेक करून बंद पडतात. साध्या दिव्याला पाण्याचा थेंब फारसा भोवत नाही. स्ट्रोबमध्ये दर लखलखाटाला काही हजार व्होल्टचा एक ठोका तयार व्हावा लागतो, आणि ओलसर धुळीचा केसाएवढा पट्टाही तो ठोका भलतीकडे पळवतो.

असा सादळलेला दिवा उन्हात ठेवला की बरेचदा पुन्हा चालू होतो आणि चार दिवसांत पुन्हा बंद पडतो. पाणी उडून जातं, त्यातले क्षार तिथेच राहतात. हवा दमट झाली की तेच क्षार परत ओल धरतात. त्यामुळे वाळवणं ही फक्त सुरुवात आहे आणि सिलिकॉन फासणं ही सगळ्यात शेवटची पायरी. बरेच जण मधलं सगळं गाळून थेट सिलिकॉनवर येतात आणि ओल आत कोंडून टाकतात.

आधी दिवा कुठल्या जातीचा ते पाहा

स्ट्रोब म्हणून मिळणारे दिवे दोन प्रकारचे असतात. पारदर्शक टोपीतून आत काचेची बारीक नळी आणि तिच्याभोवती गुंडाळलेली तार दिसत असेल, तर तो झेनॉन वायूच्या नळीचा. आत पिवळसर ठिपक्यांच्या चिप्स किंवा छोटे गोल दिवे दिसत असतील, तर एलईडीचा. दोन्हींचे आजार वेगळे आहेत. झेनॉनचं काम जास्त किचकट आणि जास्त धोक्याचं, म्हणून हा लेख मुख्यतः त्याच्यावर आहे. एलईडीचं पुढे थोडक्यात सांगतो.

झेनॉनच्या दिव्यात काय चालतं ते समजून घेतलं की निम्मी दुरुस्ती डोक्यातच होते. लाइनचा पुरवठा एका रेझिस्टरमधून आणि डायोडमधून जाऊन मुख्य कॅपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग, भरतो. २३० व्होल्टच्या लाइनवर हा कॅपॅसिटर सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत चढतो. १२० व्होल्टच्या लाइनवर डायोड-कॅपॅसिटरची जोडी वापरून व्होल्टेज दुप्पट केलेलं असतं, म्हणून तिथेही आकडा तीनशेच्या वरच जातो. एवढ्याने नळी पेटत नाही. बाजूला एक छोटा कॅपॅसिटर मेगाओहमच्या रेझिस्टरमधून सावकाश भरत असतो. तो ठरावीक व्होल्टेजला पोचला की निऑनचा छोटा दिवा किंवा डायक (ठरावीक व्होल्टेजनंतरच वीज वाहू देणारा भाग) वाहू लागतो, एससीआर (इशारा मिळाला की चालू होणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) चालू होतो, ट्रिगर ट्रान्सफॉर्मर काही हजार व्होल्टचा ठोका देतो, तो नळीभोवतीच्या तारेवर जातो आणि आतला वायू वाहू लागतो. मुख्य कॅपॅसिटर क्षणात रिकामा होतो. तोच लखलखाट.

हात लावण्याआधी

प्लग काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही, कारण बटण न्यूट्रलवर बसवलेलं असेल तर दिवा बंद दिसतो पण फेज आत तसाच असतो.

प्लग काढल्यावरही मुख्य कॅपॅसिटर भरलेला असू शकतो. ४.७ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर ३२५ व्होल्टला पाव ज्यूल धरतो. तो दणका देतो, हात झटकला जातो. १०० मायक्रोफॅरडचा मोठा असेल तर पाच ज्यूलच्या वर, आणि त्याच्याशी गंमत नाही. १० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर घ्या, त्याच्या दोन्ही टोकांना इन्सुलेशन असलेल्या क्लिप लावा आणि कॅपॅसिटरच्या दोन पायांवर पाच-दहा सेकंद धरा. नंतर मीटरने मोजून खात्री करा. स्क्रूड्रायव्हर आडवा टेकवून ठिणगी काढायची जुनी सवय सोडा; त्यात ट्रॅक, म्हणजे बोर्डवरची तांब्याची पट्टी, उडतो आणि कॅपॅसिटरही आतून दुखावतो.

या सर्किटला लाइनपासून वेगळं करणारा ट्रान्सफॉर्मर नसतो. त्यामुळे चालू असताना बोर्डवरची कोणतीही जागा जमिनीच्या तुलनेत जिवंत धरायची, ‘निगेटिव्ह’ म्हणून छापलेलीसुद्धा. लाइनवरची उपकरणं उघडून तपासायची सवय नसेल तर चालू अवस्थेतल्या चाचण्या जाणत्या माणसाकडून करून घ्या; धुणं, वाळवणं आणि सील करणं स्वतः करता येतं.

उघडणं

टोपी आट्यांची असेल तर उलटी फिरवून निघते. खटक्यांची असेल तर सांध्यात प्लास्टिकची पट्टी सरकवत फिरा. चिकटवलेली असेल तर हेअर ड्रायरने सांधा कोमट करा आणि पातळ पातं हळूहळू सगळीकडून फिरवा. एकाच जागी जोर लावला तर टोपी तडकते आणि तडकलेल्या टोपीतून पाणी कायम येत राहतं. कारखान्यात वितळवून जोडलेली टोपी करवतीनेच कापावी लागते. माझं मत असं, की अशी टोपी असलेला साधा दिवा सोडून द्यावा. नळी चांगली असेल तर ती सुटा भाग म्हणून काढून ठेवावी.

बोर्ड बाहेर आला की दोन्ही बाजूंचे फोटो काढा. नळीची दिशा विशेष पाहून ठेवा. तिला पॉझिटिव्ह-निगेटिव्ह असतं, उलटी बसवली तर ती लवकर संपते.

आता भिंग घेऊन बसा. कॅपॅसिटरच्या बुडाशी पांढरी पूड साचलेली दिसेल, होल्डरच्या पितळेवर हिरवट कळंक, आणि जिथे कायम डीसी व्होल्टेज असतं त्या दोन ट्रॅकपैकी पॉझिटिव्ह बाजूचा ट्रॅक कडेने कुरतडल्यासारखा. ट्रिगर ट्रान्सफॉर्मरच्या जास्त व्होल्टेजच्या पायापासून शेजारच्या पायाकडे जाणारी एक बारीक, फांद्या फुटलेली तपकिरी रेघ दिसते का तेही पाहा. ही रेघ म्हणजे तिथून ठिणगी जात होती आणि बोर्डाचा कोळसा झाला आहे.

धुणं आणि वाळवणं

क्षार पाण्यात विरघळतात, अल्कोहोलमध्ये फारसे नाहीत. म्हणून पहिला हात डिस्टिल्ड वॉटरचा, मऊ ब्रशने, कॅपॅसिटर आणि ट्रान्सफॉर्मरच्या खालीसुद्धा. नळाचं पाणी नको, त्यातले क्षार आपणच आत घालतो. दुसरा हात ९० टक्क्यांच्या वरच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलचा. तो उरलेलं पाणी ओढून घेतो आणि लवकर उडतो. खिडक्या उघड्या ठेवा, जवळ ज्योत किंवा गरम सोल्डर नको.

टोपीला मात्र अल्कोहोल लावू नका. ती अॅक्रिलिकची असेल तर तिच्यावर केसासारख्या बारीक भेगा पडतात. ती सौम्य साबणाने धुवा.

कळंक खोडरबराने किंवा काचतंतूच्या पेन्सिलीने घासून काढा. लिंबू-व्हिनेगरने पितळ झटकन चमकतं हे खरं, पण आम्ल फटींत शिरून बसतं आणि पुढच्या दमट रात्री तिथेच पुन्हा कळंक धरतो.

नंतर ५० ते ६० अंश सेल्सिअसला चार-सहा तास. तेवढी उबदार हवा मिळत नसेल तर पंख्यासमोर दोन दिवस ठेवा. घाईने फार तापवू नका. इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर ८५ किंवा १०५ अंशांपर्यंतचेच असतात आणि नळीतली काच-धातूची जोडणी अचानकच्या उष्णतेने तडकते.

तपकिरी रेघ धुऊन जात नाही. कोळसा वीज वाहून नेतो, त्यामुळे स्वच्छ बोर्ड दिसेपर्यंत टोकदार पात्याने खरवडावं लागतं. बोर्ड तपकिरी कागदी जातीचा असेल तर तो ओलही जास्त पितो. तिथे मी दोन पायांच्या मध्ये बारीक खाचच पाडतो, म्हणजे ठिणगीला चालायला जमीनच उरत नाही. कुरतडलेला ट्रॅक खरवडून त्यावर बारीक तार सोल्डर करा, नुसता सोल्डरचा पूल टिकत नाही.

दोष कुठे आहे?

वाळवल्यावर दिवा थेट लाइनला लावू नका. आधी सिरीज बोर्डवर, म्हणजे २५ ते ४० वॅटच्या साध्या तारेच्या बल्बमागे, लावा. एलईडी बल्ब या कामाला चालत नाही. बल्ब भरभरून पेटला तर आत शॉर्ट आहे, बहुधा डायोड किंवा मुख्य कॅपॅसिटर. बल्ब जेमतेम लालसर किंवा अजिबात पेटला नाही तर पुढे जा. चष्मा लावा, एक हात मागे ठेवा, ६०० व्होल्टच्या श्रेणीचे मीटर आणि पिना वापरा, क्लिप लावायच्या त्या प्लग काढलेला असतानाच.

मुख्य कॅपॅसिटरवर व्होल्टेजच नसेल, तर दोष पुरवठ्याच्या बाजूला आहे : बुडाचा संपर्क, सुरुवातीचा रेझिस्टर किंवा डायोड. रेझिस्टर जळालेला असेल तर तेवढ्याच ओहमचा आणि तेवढ्याच वॅटचा बसवा, पण आधी तो का जळाला ते बघा. गळका कॅपॅसिटर तसाच ठेवून नवा रेझिस्टर लावला तर तोही जातो.

व्होल्टेज आहे पण तीनशेऐवजी दीडशेच्या आसपास रेंगाळतं, तर कॅपॅसिटर गळतोय किंवा दुप्पट करणाऱ्या जोडीतली एक बाजू मेली आहे.

व्होल्टेज पूर्ण आहे आणि बारीक ‘टिक्’ असा आवाज ठरावीक वेळाने येतोय, पण उजेड नाही, तर ट्रिगर चालतोय आणि त्याचा ठोका नळीपर्यंत पोचत नाही. खोलीत अंधार करून लांबून बघा. निळी ठिणगी ट्रान्सफॉर्मरच्या पायाशी दिसली तर तिथेच गळती आहे. ठिणगी कुठेच नसेल तर नळीभोवतीची तार सुटली आहे का, तिच्या टोकाचं सोल्डर गंजलं आहे का ते तपासा. ते ठीक असेल तर नळीच गेली असं धरा. नळी मीटरने तपासता येत नाही, चांगली असली तरी मीटर ती ओपन, म्हणजे आत जोड नसलेली, दाखवतो. तार काचेत शिरते तिथली तडा भिंगाखाली दिसते. हवा आत गेली की ती नळी पुन्हा पेटत नाही.

व्होल्टेज पूर्ण आहे आणि टिकटिकही नाही, किंवा दिवा पूर्वीपेक्षा सावकाश लखलखतो. ओलीने बिघडलेल्या दिव्यांत हीच तक्रार जास्त, आणि इथेच लोक चांगले भाग उगाच बदलतात. समजा वेळ ठरवणारा छोटा कॅपॅसिटर ४.७ मेगाओहममधून भरतो. ३२५ व्होल्टवर त्याला मिळणारा प्रवाह जास्तीत जास्त ७० मायक्रोअँपिअर. आता त्या कॅपॅसिटरच्या दोन पायांमध्ये ओलसर क्षारांचा १ मेगाओहमचा पट्टा तयार झाला, तर व्होल्टेज ५७ च्या पुढे चढतच नाही. निऑनला पेटायला साधारण ६० ते ९० व्होल्ट लागतात. म्हणजे एकही भाग जळालेला नाही, आणि दिवा कायमचा मुका. अशा वेळी भाग बदलण्याआधी त्या दोन पायांभोवतीची जागा पुन्हा धुवा, कॅपॅसिटर एकदा उपसून त्याच्या पोटाखालची जागाही धुवा. तेवढ्यावर बरेच दिवे उठतात.

या ठिकाणी मोजताना एक लक्षात असू द्या. डिजिटल मीटर स्वतःच साधारण १० मेगाओहमची गळती आहे. पिना लावल्या की आकडा खरा असतो त्यापेक्षा कमी दिसतो आणि लखलखाटही मंदावतो.

तरीही जमत नसेल तर पुरवठा काढून, कॅपॅसिटर रिकामा करून, मेगाओहमचा रेझिस्टर एक पाय उचलून मोजा. जुने रेझिस्टर ओलीने ओपन होतात किंवा त्यांची किंमत खूप वाढते. ट्रिगर ट्रान्सफॉर्मरचं प्राथमिक वेटोळं एक ओहमच्या आत असतं; दुय्यम वेटोळं ओपन दाखवत असेल तर आतली केसासारखी तार गंजून तुटली आहे, ते दुरुस्त होत नाही.

भाग बदलताना

मुख्य कॅपॅसिटर तेवढ्याच मायक्रोफॅरडचा आणि तेवढ्याच किंवा जास्त व्होल्टचा घ्या. जास्त उजेडाच्या मोहाने मोठा लावू नका. नळी आणि सुरुवातीचा रेझिस्टर त्या ऊर्जेसाठी बनवलेले नसतात. जागा असेल तर इलेक्ट्रोलिटिकऐवजी पल्ससाठी चालणारा फिल्म कॅपॅसिटर चांगला.

वेळेचा रेझिस्टर कमी करून लखलखाट वाढवण्याचा विचारही सोडून द्या. नळी तापते हे एक, आणि सेकंदाला तीनपेक्षा जास्त लखलखाट प्रकाशसंवेदी अपस्मार असलेल्या माणसाला झटका आणू शकतात.

नळी सोल्डर करताना काचेपासून जमेल तेवढ्या लांब टेका आणि मधली तार पक्कडीने धरून ठेवा, म्हणजे उष्णता काचेपर्यंत जात नाही. शेवटी काच अल्कोहोलने पुसा.

एलईडीचे स्ट्रोब

साध्या एलईडीचे पाय बहुधा कथलाचा मुलामा दिलेल्या लोखंडाचे असतात, चुंबक लावून बघा. मुलामा गेला की ते आतून गंजतात आणि सिरीजमधला एक पाय तुटला की तेवढा सगळा तुकडा विझतो. हिरवा किंवा तांबूस गंज धरलेला होल्डर शोधा, बहुतेकदा तिथेच सापडतं.

थेट लाइनवर चालणाऱ्या दिव्यात प्रवाह कमी करायला एक्स२ प्रकारचा (थेट लाइनवर लावण्यासाठीच बनवलेला) कॅपॅसिटर सिरीजमध्ये लावलेला असतो. दमट हवेत त्याच्या आतला धातूचा थर झिजतो आणि किंमत घटत जाते. दिवा मंद झाला, कधी लखलखतो कधी नाही, अशी तक्रार असेल तर तो उपसून मोजा. ०.४७ लिहिलेला ०.२ दाखवत असेल तर बदला, पण एक्स२ प्रकारचाच लावा. त्याच्या दोन पायांना जोडलेला, त्याला रिकामा करणारा मेगाओहमच्या आसपासचा रेझिस्टरही तपासा. तो ओपन असेल तर काढलेल्या प्लगच्या पिनाच झटका देतात.

अॅडॉप्टरवर चालणाऱ्या १२ किंवा २४ व्होल्टच्या माळेत आधी अॅडॉप्टरची सॉकेट-पिन पाहा, डीसीमुळे तिची पॉझिटिव्ह बाजू सगळ्यात आधी कुरतडली जाते.

बंद करणं : पाणी कुठून येतं

दिवा श्वास घेतो. आतली हवा ४० अंशांवरून १५ अंशांवर आली तर दाब सुमारे ८ टक्क्यांनी उतरतो आणि सांध्यावर थांबलेला पावसाचा थेंब आत ओढला जातो. टोपी दिसायला घट्ट आहे, म्हणून काही सिद्ध होत नाही.

बोर्ड पूर्ण कोरडा झाल्यावर त्यावर कन्फॉर्मल कोटिंगचे, म्हणजे ओल अडवणाऱ्या लेपाचे, दोन पातळ हात द्या. बुडाचे संपर्क आणि नळी कागदी टेपने झाकून घ्या. ट्रिगर ट्रान्सफॉर्मरच्या पायांशी थोडा जास्त थर द्या, गळती तिथूनच सुरू होते.

सांध्याला न्यूट्रल क्युअर सिलिकॉन वापरा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सुकताना आम्ल सोडतं आणि तांबं खातं. दुकानदार तेच आधी पुढे करतात, कारण ते जास्त खपतं. हॉट ग्लू उन्हात मऊ होऊन सुटतो. रबरी वॉशर असेल तर नवा घाला, त्याला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या. होल्डरच्या आट्यांनाही तेच ग्रीस, बेताने.

पाणी बाहेर जायला भोक ठेवायचं की नाही, यावर दोन मतं आहेत. दिवा आयपी६५ किंवा आयपी६७ दर्जाचा (आयपी म्हणजे धूळ-पाणी किती अडतं त्याचा आकडा) असेल तर भोक पाडून तो दर्जा घालवू नका. साध्या, पावसाच्या शिंतोड्यांपुरत्या आयपी४४ दिव्याला, टांगल्यावर जो सगळ्यात खालचा बिंदू येतो तिथे टोपीला दोन मिलिमीटरचं भोक मी ठेवतो. जिवंत भाग त्याच्या जवळ नको, आणि दिवा उलटा टांगला जाणार असेल तर ते भोक पाणी आत घेण्याचंच काम करेल.

टांगण्याआधीची चाचणी

सिलिकॉन एक दिवस सुकू द्या. प्लगला न लावता दिव्यावर पाणी फवारा, तासभर थांबा. बुडाचे संपर्क कोरडे पुसून दोन्ही एकत्र तारेने जोडा, अंगाभोवती ओलं फडकं आणि त्यावर फॉइल गुंडाळा, आणि जोडलेले संपर्क व फॉइल यांच्यामध्ये ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासणारा मीटर) लावा. संपर्क एकत्र जोडलेले असल्यामुळे आतल्या सर्किटवर व्होल्टेज येत नाही. १ मेगाओहमच्या खाली आकडा आला तर दिवा परत उघडा. चांगला दिवा त्याच्या कितीतरी वर दाखवतो.

माळेच्या वायरीचंही असंच. सगळे दिवे आणि कंट्रोलर काढून दोन्ही वायरींमध्ये मेगर लावा. दिवे नवे आणि होल्डर कळकलेले असतील तर मेहनत वाया जाते. वायरीचा सांधा नुसत्या पीव्हीसी टेपने गुंडाळू नका, टेपच्या थरांत पाणी साठून राहतं; आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी वापरा.

दिवा तोंड खाली करून, शक्यतो वळचणीखाली टांगा, पण पागोळ्या थेट अंगावर पडतील अशा रेषेत नको. होल्डरकडे येणारी वायर आधी थोडी खाली लोंबू द्या आणि मग वर न्या, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी खालच्या वळणावरून गळून जातं. प्लग आणि सांधे जमिनीपासून वर ठेवा. रिकामा होल्डर उघडा ठेवू नका.

पुरवठा ३० मिलिअँपिअरच्या आरसीडीमधूनच (वीज जमिनीकडे गळली की पुरवठा तोडणारा स्विच) घ्या. पहिल्या पावसात तो ट्रिप झाला तर पुन्हा पुन्हा चढवत बसू नका. पुरवठा बंद करून अर्धे दिवे काढा, रिकाम्या होल्डरना टोप्या लावा आणि आरसीडी चढवा. टिकला तर दोष काढलेल्या अर्ध्यात आहे, नाही टिकला तर माळेवर उरलेल्यात किंवा वायरीत. दोषी अर्ध्याचे पुन्हा दोन भाग करा. चार-पाच वेळात नेमका दिवा हाती लागतो.